नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

गेल्या महिन्यात वस्तीतला एक तरुण आमच्याकडे आला. पदविका घेतलेला, शहरातल्या एका कंपनीत नुकताच कामाला लागलेला. हातात प्रतिज्ञापत्राचा मसुदा होता. त्याला गॅझेटमध्ये आडनाव बदलून घ्यायचे होते आणि कागदपत्रे कशी लावायची ते विचारायचे होते. कारण विचारले तेव्हा म्हणाला, "दादा, सहा खोल्या पाहिल्या. भाडे ठरते, डिपॉझिट ठरते. मग पूर्ण नाव आणि गाव सांगितले की घरमालकाचा पुतण्या गावाहून राहायला येतो." सहाही ठिकाणी पुतण्याच आला होता. तो हसत सांगत होता. आम्हाला मात्र हसू आले नाही. जाता जाता तो म्हणाला, "तसेही नावात काय आहे?"

त्याला अर्ज कसा भरायचा ते आम्ही सांगितले, पण या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा देता आले नाही. ते उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

'नावात काय आहे' हा सवाल आपल्याकडे मोठ्या शहाणपणाचा समजला जातो. बाबासाहेबांनी मात्र तो मान्य केला नव्हता. त्यांचे म्हणणे असे की नाव ही नुसती खूण नसते. त्या नावाभोवती समाजाने काही समजुती गोळा केलेल्या असतात आणि माणूस वस्तू न तपासता, नाव ऐकूनच तिच्याबद्दल मत बनवतो. 'अस्पृश्य' हे नाव कानावर पडताच समोरचा माणूस दूर सरकतो, मग ते नाव धारण करणारा कितीही विद्वान, कितीही स्वच्छ असो. नावात काही नसते, तर सहा घरमालकांना सहा पुतणे आठवले नसते.

मनूने केलेले बारसे

नावात काय आहे हे बहुजनांना कळले नसेल, पण मनूला नक्की कळले होते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचे नियम आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक असावे, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे ऐकताच किळस यावी असे असावे. त्याच्या पुढच्याच श्लोकात नावाच्या उत्तरार्धाची वाटणी आहे: ब्राह्मणाला कल्याण, क्षत्रियाला रक्षण, वैश्याला समृद्धी आणि शूद्राला चाकरी. स्त्रियांसाठी वेगळा श्लोक आहे. त्यांचे नाव उच्चारायला सोपे, कानाला गोड आणि मनाला सुखावणारे असावे. कोणाच्या कानाला आणि कोणाच्या मनाला, हे सांगायची मनूला गरज वाटली नाही.

हा नियम नीट वाचला की लक्षात येते की नामकरण हा घरगुती समारंभ म्हणून तिथे आलेलाच नाही. जमीन कोणी घ्यावी, विद्या कोणी घ्यावी, तशीच नावे कोणी कोणती घ्यावीत याची ती वाटणी आहे. मूल बोलायला शिकण्याआधीच त्याची जागा पाळण्यात ठरवून टाकण्याची ती सोय आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, त्या ज्वाळांत हे श्लोकही होते हे आपण विसरू नये.

मराठी भाषा या बाबतीत फार प्रामाणिक आहे. मराठीत 'नाव ठेवणे' म्हणजे बारसे करणे आणि 'नावे ठेवणे' म्हणजे निंदा करणे. इतरांसाठी हे दोन वाक्प्रचार वेगळे असतील. आपल्या पूर्वजांच्या बाबतीत ही दोन्ही कामे गावाने एकदमच उरकली.

धोंडो आणि धोंड्या

इथे एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. धोंडी, दगडू, कचरू, भिका ही नावे केवळ दलितांत नव्हती. ज्या घरात मुले जगत नसत, तिथे नजर लागू नये, मृत्यूने दुर्लक्ष करावे म्हणून मुद्दाम ओबडधोबड नाव ठेवण्याची चाल महाराष्ट्रात सर्व जातींत होती. महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो केशव होते. मग अशा नावांना जातीचा शिक्का का म्हणायचा?

आमचे उत्तर असे आहे. एकाच दगडावरून दोन माणसांची नावे पडली. पण एकाला गाव 'धोंडोपंत' म्हणत होते आणि दुसऱ्याला 'धोंड्या'. शब्दकोशात दोन्ही नावांचा अर्थ एकच, पण गावात अर्थ दोन. म्हणजे नावाचा खरा अर्थ शब्दकोश ठरवत नाही. तो हाक मारणारा आणि ओ देणारा यांच्यातले नाते ठरवते. पांडुरंगाचा पांडुरंगपंत की पांड्या, हे देवाच्या हातात नव्हते. ते हाक मारणाऱ्याच्या जातीवर आणि ऐकणाऱ्याच्या जातीवर अवलंबून होते. आमच्या आजोबांना साठाव्या वर्षीसुद्धा पाटलाचा दहा वर्षांचा पोरगा एकेरी हाक मारत होता आणि आजोबा 'जी' म्हणत होते. नाव तेच होते, अपमान त्या हाकेत होता.

हा अनुभव फक्त आपला आहे असे समजू नका. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोरे लोक काळ्या माणसाला कधीही 'मिस्टर' किंवा 'मिसेस' म्हणत नसत. म्हातारा झाला तरी तो 'बॉय', नाहीतर नुसते पहिले नाव. १९६३ साली अलाबामातील गॅड्सडेन येथे मेरी हॅमिल्टन ही नागरी हक्क चळवळीची कार्यकर्ती कोर्टात साक्षीला उभी होती. सरकारी वकील तिला नुसते 'मेरी' म्हणू लागला. 'मिस हॅमिल्टन' म्हटल्याशिवाय आपण उत्तर देणार नाही, असे तिने सांगितले. न्यायाधीशाने कोर्टाचा अवमान केला म्हणून तिला पाच दिवसांची कैद आणि पन्नास डॉलर दंड ठोठावला. प्रकरण वर गेले आणि १९६४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिची शिक्षा रद्द केली. एक शब्द, 'मिस'. त्यासाठी एका बाईने तुरुंग पत्करला. नावात काय आहे म्हणणाऱ्यांनी हा खटला जरूर वाचावा.

सत्ता नावे का बदलते?

जगाच्या इतिहासात जिथे एका समाजाने दुसऱ्याला गुलाम केले, तिथे साखळदंडांबरोबर नवी नावेही आली. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांना अमेरिकेतील मालकांनी सीझर, पॉम्पी, केटो अशी रोमन वीरांची नावे दिली. दिवसभर शेतात राबणाऱ्या, विकल्या जाणाऱ्या माणसाला 'सीझर' म्हणून हाक मारायची, ही मालकांची थट्टा होती. नाव सम्राटाचे होते, पण ते ठेवणारा मालक होता.

कोरियाचे उदाहरण पाहा. १९१० साली जपानने कोरिया गिळंकृत केला. १९४० साली एक फर्मान अमलात आले: कोरियन लोकांनी जपानी पद्धतीची कुटुंबनावे नोंदवावीत. कागदावर ते ऐच्छिक होते. पण दबाव असा होता की सहा महिन्यांत सुमारे ८० टक्के कुटुंबांनी नवी नावे नोंदवली. कोरियन भाषेत, माझे म्हणणे खोटे ठरले तर आडनाव बदलेन, अशी शपथ घेतात. ज्या समाजात आडनाव बदलणे हा शपथेचा विषय आहे, त्या समाजाला ते रांगेत उभे राहून बदलावे लागले. जपानचा पराभव झाल्यावर १९४६ साली कायद्याने जुनी नावे परत देण्यात आली.

१९३८ सालच्या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात असे आम्हाला वाटते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीतील नाझी सरकारने हुकूम काढला. ज्या ज्यूंची नावे सरकारने ठरवलेल्या ज्यू नावांच्या यादीतली नसतील, त्यांनी पुरुष असल्यास 'इस्राएल' आणि स्त्री असल्यास 'सारा' हे नाव आपल्या नावाला जोडावे. १९३९ च्या जानेवारीपासून तो लागू झाला. ज्यू परंपरेत ही दोन्ही नावे अत्यंत आदराची आहेत. तरीही नाझींच्या कागदावर ती आली तेव्हा तो शिक्का झाला आणि त्या शिक्क्याने पुढे माणसे हुडकणे सोपे केले.

त्याच वर्षी मुंबईच्या विधिमंडळात अस्पृश्यांना कायद्यात 'हरिजन' म्हणण्याचा घाट काँग्रेस सरकारने घातला. बाबासाहेबांनी आणि त्यांच्या पक्षाच्या सदस्यांनी विरोध करून सभात्याग केला. अनेकांना तेव्हा आश्चर्य वाटले. हरीचे जन, देवाची माणसे. एवढा गोड अर्थ असताना राग कशाचा? नाझी जर्मनी आणि मुंबई इलाखा यांची तुलना आम्ही करत नाही. एकीकडे संहाराची तयारी होती, दुसरीकडे दयेचा आव. पण धडा एकच मिळतो. अर्थ कितीही गोड असो, ज्याचे नाव आहे त्याला न विचारता ते ठेवले गेले तर तो शिक्काच असतो.

स्वतःचे बारसे स्वतः

याच इतिहासाची दुसरी बाजू आहे आणि ती अधिक महत्त्वाची आहे. जे समाज उठले त्यांनी सर्वात आधी स्वतःची नावे स्वतः ठेवली. गुलामगिरीतून सुटलेली इझाबेला १८४३ साली 'सोजर्नर ट्रुथ' झाली, म्हणजे सत्य सांगत फिरणारी. तामिळ प्रदेशात १९२९ साली चेंगलपट्टू येथे स्वाभिमान चळवळीची परिषद झाली आणि नावामागची जातिवाचक पदवी टाकून देण्याचा ठराव झाला. पेरियारांनी स्वतःच्या नावातील 'नायकर' काढून टाकले. आज तामिळनाडूत बहुतेक लोक नावापुढे जात लावत नाहीत, आद्याक्षर लावतात. जातीयता तिथे संपली असे कोणी म्हणणार नाही, पण नाव विचारून जात काढण्याची सोय तरी चळवळीने काढून घेतली.

आपल्याकडे बाबासाहेबांनी हा प्रश्न मुळापासून मांडला. ३१ मे १९३६ रोजी मुंबईतील परिषदेत, 'मुक्ती कोन पथे?' या भाषणात त्यांनी नामांतराचा विचार केला आहे. महार म्हणवून घेण्याऐवजी कोणी 'चोखामेळा' म्हणवून घेतो, कोणी 'हरिजन'. पण यातून काही साधत नाही, कारण नवे नाव जुन्याच घरातले असते आणि जुना कलंक त्याच्या मागोमाग येतो. म्हणून धर्मांतर हेच खरे नामांतर, असा त्यांचा निष्कर्ष होता. वीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी एकदम ते नाव घेतले: बौद्ध.

त्यानंतर काय घडले हे पाहायचे असेल तर आपल्या भागातील एखाद्या शाळेचे जुने जनरल रजिस्टर उघडा. आधीच्या पानांवर धोंडी, दगडू, कचरू, भिका. पुढच्या पानांवर अशोक, मिलिंद, गौतम, आनंद. मग सिद्धार्थ, राहुल, प्रज्ञा, करुणा, संघमित्रा, आणि पुढे समता, नालंदा, तक्षशिला. ज्यांना गावाने दगड आणि कचरा म्हटले होते, त्यांनी आपल्या लेकरांना विद्यापीठांची नावे दिली. कोणत्याही सरकारने फर्मान काढले नव्हते. निरक्षर आयाबायांनी ही क्रांती पाळण्यात केली. आपल्या इतिहासकारांनी याची पुरेशी दखल घेतलेली नाही, याची आम्हाला खंत वाटते.

रजिस्टरांची गोष्ट निघाली म्हणून आणखी एका रजिस्टराची आठवण. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले: भिवा रामजी आंबेडकर. कुळाचे नाव सकपाळ, गाव आंबडवे. गावावरून आलेले ते आडनाव तेव्हा फारसे कोणाला ठाऊक नव्हते. आज ते जगात कुठेही घेतले की माणसे ताठ उभी राहतात. आडनावाचे मोल आधी ठरलेले नसते, ते माणसाने आणि चळवळीने कमवायचे असते.

भीमा कोरेगावच्या स्तंभावरही तेच दिसते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या सैनिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत आणि त्यातील अनेकांच्या शेवटी 'नाक' आहे. हे 'नाक' नायकावरून आले असे कोणी म्हणतात, कोणी त्याचा संबंध नागवंशाशी जोडतात. पेशवाईच्या काळात हा प्रत्यय ऐकताच माणसाची जात कळत असे. आज त्याच प्रत्ययापुढे लाखो माणसे मानवंदना देतात.

तथागतांचे उत्तर

इथे आपल्यापैकी काही अभ्यासू तरुण विचारतील की बुद्धाने तर नाव-गोत्राला महत्त्व दिले नाही, मग आपण नावासाठी एवढे का भांडायचे? प्रश्न रास्त आहे. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात तथागत सांगतात की गवत, कीटक, पशू, पक्षी यांच्यात जन्मानेच वेगळेपणाच्या खुणा असतात, माणसांत तशा नसतात. माणसाचे नाव आणि गोत्र हे जगाने ठरवलेले संकेत आहेत. दुसऱ्या एका प्रसंगी ते म्हणतात की गंगा, यमुना, अचिरवती, सरभू, मही या नद्या सागराला मिळाल्यावर जुने नाव-गोत्र टाकतात, तसे चारही वर्णांचे लोक संघात आल्यावर जुने नाव-गोत्र टाकतात.

पण याचा अर्थ नाव बिनमहत्त्वाचे असा आम्ही घेत नाही. नाव निसर्गाने दिलेले नाही, माणसांनी ठरवलेले आहे, म्हणूनच माणसांना ते बदलता येते, हा त्याचा अर्थ आहे. मनू नाव जन्माला बांधतो, बुद्ध ते सोडवतो. आणि दृष्टांत नीट पाहा: नदी नाव टाकते ती लपण्यासाठी नव्हे, सागर होण्यासाठी. शिवाय सगळ्याच नद्या टाकतात. एकट्या यमुनेने नाव टाकायचे आणि गंगेने मिरवायचे, असे तिथे नाही.

आजचे घरमालक

आज परिस्थिती बदलली का? २००७ साली अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या शिक्षणाचे अर्ज पाठवले. फरक होता तो नावात. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला साधारण एक-तृतीयांश. अमेरिकेत बॉस्टन आणि शिकागो येथे असाच प्रयोग झाला होता. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गोऱ्यांची वाटणारी नावे असलेल्या अर्जांना सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली. घरमालक एकटा नाही, त्याचे भाऊबंद कंपन्यांच्या कार्यालयांतही बसले आहेत.

महाराष्ट्रात तर मौज अशी की जाधव, मोरे, पवार, शिंदे, गायकवाड ही आडनावे अनेक जातींत आहेत. म्हणून नुसत्या आडनावाने भागत नाही. मग 'कुठले मोरे?', 'गाव कोणते?', 'कुलदैवत कोणते?' अशी चौकशी सुरू होते.

पण बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवून चालणार नाही. सोयरीक जुळवताना आडनावावरून पोटजात शोधणारी मंडळी आपल्यातही आहेत. लग्न बौद्ध पद्धतीने लावायचे आणि नंतर ताटातल्या तांदळावर अंगठीने सुनेचे नवे नाव लिहायचे, हेही आम्ही पाहिले आहे. तिच्या आईवडिलांनी हौसेने ठेवलेले 'प्रज्ञा' पुसून सासरच्यांच्या कानाला गोड लागेल ते नाव देणे, हा मनूचा श्लोक पाळणे नव्हे काय? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. आपण तर त्याच्या पुढे चार पावले असायला हवे होतो.

त्या तरुणाला आमचे उत्तर

आता त्या तरुणाकडे वळू. मित्रा, आडनाव बदलणे हा तुझा हक्क आहे. गॅझेट सर्वांना खुले आहे आणि तुला भित्रा म्हणण्याचा अधिकार, ज्याला सहा वेळा खोली नाकारली गेली नाही, त्याला नाही. व्यवहार मात्र समजून घे. तुझा शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, पडताळणीची कागदपत्रे जुन्याच नावाची राहतील. प्रत्येक ठिकाणी गॅझेटची प्रत जोडावी लागेल, म्हणजे जुने नाव तुझ्या मागे येतच राहील. आणि घरमालक उद्या गाव विचारेल, परवा देव्हारा कुठे आहे ते विचारेल. प्रत्येक प्रश्नाला एक खोटे लागेल. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावायचा की नाही, हा प्रश्न पहिल्याच रात्री येईल.

फ्रेडरिक डग्लसची गोष्ट तुला सांगतो. त्याचे मूळ आडनाव बेली. १८३८ साली तो गुलामगिरीतून पळाला आणि पकडणाऱ्यांपासून वाचण्यासाठी त्याने आडनाव बदलले. म्हणजे त्यानेही नाव लपण्यासाठीच बदलले होते. आश्रय देणाऱ्या माणसाने 'डग्लस' हे आडनाव सुचवले, पण 'फ्रेडरिक' मात्र त्याने सोडले नाही. आपण कोण आहोत याची ओळख त्याला जपायची होती. पुढे १८४५ साली त्याने आत्मचरित्र छापले, स्वतःचे जुने नाव आणि मालकाचे नाव दोन्ही लिहून. पकडले जाण्याचा धोका इतका वाढला की त्याला देश सोडून इंग्लंडला जावे लागले. लपण्यासाठी घेतलेले नाव त्याने सात वर्षांत उघड उभे राहण्याचे नाव करून टाकले.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की नाव बदलायचे असेल तर बदल, पण त्या नावाने एक दिवस तुझी खरी गोष्ट मोठ्याने सांगता येईल, असे नाव घे. एकट्याने गुपचूप नाव टाकले तर ते लपणे होते. हजारोंनी मिळून टाकले तर त्याची चळवळ होते. १९५६ ने आपल्याला हाच मार्ग दाखवला.

आणि इतर तरुणांना एक काम सुचवतो. आपापल्या वस्तीतल्या वृद्धांकडे जा. त्यांची, त्यांच्या आईवडिलांची पूर्ण नावे विचारा आणि वहीत उतरवा. गाव कोणत्या नावाने हाक मारत होते तेही विचारा. आजी आपले माहेरचे नाव सांगताना थांबेल, कारण ते तिला कित्येक वर्षांत कोणी विचारलेले नसेल. ते नाव आदराने लिहून घ्या.

जय भीम! नमो बुद्धाय!